साठ मिनिटांच्या आत

कोरमेटाच्या आश्रमशाळेत चौथीत शिकणारी मैनी वड्डे सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि ती खाली बसली. मग काही केल्या तिला उठता येईना. वसतिगृहाच्या अधीक्षिका रजनी सोनटक्के यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं, तेव्हा ती त्यांना एखाद्या बालवाडीतल्या पोरीइतकी हलकी लागली. आरोग्य केंद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. बाईंनी कुणाची वाट पाहिली नाही, तशाच चालत निघाल्या.

केंद्राच्या प्रयोगशाळेत कुंदा निकुरे खिडक्या उघडत होत्या. लॅब टेक्निशियन म्हणून त्या इथे लागल्याला एकतीस वर्षं होत आली होती आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांनी मैनीचं बोट हातात घेतलं. नख पांढरंफटक होतं, मध्ये वाटीसारखं खोलगट झालेलं. सुई टोचल्यावर आलेला थेंब पाणी मिसळल्यासारखा दिसत होता. मीटरवर हिमोग्लोबिनचा आकडा उमटला, तीन पूर्णांक एक. कुंदाताईंनी दुसरं बोट टोचलं. आकडा तोच.

"किती जी?" सोनटक्के बाईंनी विचारलं.

"तीन. बारा पाहिजे." कुंदाताईंचा आवाज चढला. "इतक्या रक्तावर तर मोठं माणूस उभं राहत नाही. अन् ही पोरगी वर्गात बसून राहिली होती?"

"अभ्यासात मागे पडली म्हणून गुरुजी रागवत होते तिला. आम्हाला वाटलं, आळशी झाली."

डॉक्टर समीर कुळमेथे धावत आले. त्यांनी मैनीच्या सुजलेल्या पावलांवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरूनच येईना. छातीला स्टेथोस्कोप लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. "हृदय ताणलं गेलंय. रक्त द्यावं लागेल, आणि ते इथे नाही. सिकलसेल आहे का हिला?"

"दोनदा तपासलंय. नाही."

"जंत?"

कुंदाताईंनी आरोग्यपत्रिका उलटली. दर सहा महिन्यांनी एक, अशा चार तपासण्या. चारही रकान्यांत एकच शब्द छापलेला होता. शून्य.

ज्या यंत्रानं तो शब्द छापला होता त्याचं नाव कृमिनेत्र. ते का आलं, हे आधी सांगायला हवं. वर्षानुवर्षं सगळ्या शाळांतून वर्षाला दोनदा सरसकट सगळ्या मुलांना जंताची गोळी दिली जायची. गोळी साधी होती, स्वस्त होती आणि तिनं लाखो मुलांची पोटं साफ ठेवली. पण एकच औषध सगळ्यांना, सतत, पिढ्यान्पिढ्या दिलं की जे थोडे जंत त्याला पुरून उरतात, त्यांचीच पैदास वाढत जाते. मेंढ्यांना जंताचं औषध देणाऱ्या मेंढपाळांना हा अनुभव आधीच आला होता. माणसांच्या बाबतीत तो २०३० च्या सुमाराला आला. जुनी गोळी निकामी होत चालली. नवी तयार झाली, पण तीही अशीच वाया घालवायची नाही असं ठरलं. ज्याच्या पोटात जंत आहेत त्यालाच गोळी. म्हणजे आधी प्रत्येक मूल तपासायचं.

ही तपासणी म्हणजे कुंदाताईंचं आयुष्यभराचं काम. चिमूटभर शौच बारीक जाळीतून गाळायचं, काचपट्टीवर मापानं भरायचं, वर ग्लिसरीनमध्ये भिजवलेला पारदर्शक कागद ठेवून दाबायचं आणि मायक्रोस्कोपखाली जंतांची अंडी मोजायची. गोलकृमीचं अंडं तपकिरी, जाड, खडबडीत सालीचं. चाबूककृमीचं दोन्ही टोकांना बुचं लावलेल्या पिंपासारखं. आणि अंकुशकृमीचं अंडं अगदी पातळ कवचाचं, पाण्यासारखं स्वच्छ, आत चार-आठ पेशींचा पुंजका. अनवाणी पायातून शिरणारा हा जंत आतड्याला दातांनी धरून बसतो आणि रक्त पितो. एकटा असला तर थेंबभरही नाही. पण शेकड्यांनी असले तर मूल आतून रिकामं होत जातं.

अशा काचपट्ट्या वाचणारी माणसं राज्यात मोजकी उरली होती. कृमिनेत्र ते काम अकरा सेकंदांत करायचं. ओलीच काचपट्टी आत सरकवायची. यंत्र तिचे फोटो घ्यायचं, अंडी ओळखायचं, मोजायचं आणि अंडी असली तरच आपल्या पोटातल्या बंद कप्प्यातून गोळी बाहेर सोडायचं. तीन राज्यांतल्या नऊ हजार शाळांत ते बसलं होतं. आणि ते ज्या गटानं बनवलं, त्या गटाची प्रमुख होती केतकी निकुरे, कुंदाताईंची एकुलती एक मुलगी.

मैनीला घेऊन अँब्युलन्स निघाली. जिल्ह्याचं रुग्णालय चार तासांवर होतं. डॉक्टर स्वतः सोबत गेले. गावाहून धावत आलेली मैनीची आई जुरी अँब्युलन्समध्ये चढताना कुंदाताईंकडे एकदा वळून पाहून गेली. त्या पाहण्यानं कुंदाताईंना हिवाळ्यातला एक दिवस आठवला. सुट्टीवर घरी आलेल्या मैनीला घेऊन जुरी केंद्रात आली होती. म्हणाली होती, पोरगी भिंतीची माती खरवडून खाते, पोट दुखतं म्हणते, हिच्या पोटात काय आहे ते बघ. कुंदाताईंनी पत्रिका पाहिली होती. आणि एकतीस वर्षांत शिकलेल्या माडिया बोलीत अगदी प्रेमानं सांगितलं होतं, "काही नाही गं पोटात. पालेभाजी खाऊ घाल. या लोहाच्या गोळ्या दे."

प्रयोगशाळेत मैनीची सकाळची डबी तशीच पडली होती. कुंदाताईंनी कपाटातून जुना मायक्रोस्कोप काढला. त्यावरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. यंत्र आल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, त्यांनी जंतांसाठी एकही काचपट्टी डोळ्यांनी वाचली नव्हती.

काचपट्टी तयार केली, भिंगाखाली धरली. जिकडे पाहावं तिकडे अंडी होती. पातळ, स्वच्छ, आत पेशींचे पुंजके असलेली. एका वर्तुळात नऊ, दुसऱ्यात चौदा. त्या मोजत गेल्या आणि दोनशेच्या पुढे त्यांनी मोजणं सोडून दिलं. तीच काचपट्टी घेऊन त्या शाळेत गेल्या आणि कृमिनेत्रात सरकवली. अकरा सेकंदांनी पडद्यावर अक्षरं आली. शून्य.

पुन्हा सरकवली. पुन्हा शून्य.

त्यांनी शाळेच्या गच्चीवर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. रेंज तिथेच मिळायची. "अंकुशकृमी आहे सर. पोट भरून आहे. यंत्राचं ऐकू नका. पोचल्याबरोबर तिथल्या डॉक्टरांना गोळी द्यायला सांगा." मग बऱ्याच वेळानं, केंद्रातल्या नर्सलाही एकदा दाखवावं म्हणून त्यांनी ती काचपट्टी पुन्हा भिंगाखाली ठेवली.

"कुठे आहेत ताई?" नर्सनं विचारलं.

कुंदाताईंनी डोळा लावला. काचपट्टी मोकळी होती. कुठे कुठे एखादी पुसट रेघ, बाकी काही नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. दीड तास झाला होता.

यात आश्चर्य काहीच नव्हतं. ग्लिसरीन मळ पारदर्शक करतं म्हणून तर आतली अंडी दिसतात. पण अंकुशकृमीचं कवच इतकं पातळ की तासाभरात ग्लिसरीन तेही विरघळल्यासारखं करून टाकतं. जाड सालीची अंडी दिवसभर टिकतात, ही टिकत नाहीत. म्हणून नियमच आहे की काचपट्टी साठ मिनिटांच्या आत वाचायची. हे कुंदाताईंना पहिल्या वर्षापासून पाठ होतं.

त्या स्टुलावर बसल्या. त्यांना २०३४ साल आठवलं.

त्या वर्षी केतकीच्या प्रकल्पाचं काम इथेच चाललं होतं. एकसष्ट आश्रमशाळांत मुलांच्या काचपट्ट्या तयार व्हायच्या. तयार झाल्या झाल्या तिथेच एका कॅमेऱ्यानं त्यांचे फोटो निघायचे. मग काचपट्ट्या पेटीत भरून मोटरसायकलवरून कुंदाताईंकडे यायच्या. त्या वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायच्या, यात काय आहे आणि यात काही नाही. यंत्राला ते फोटो आणि कुंदाताईंचं उत्तर असं जोडीनं शिकवलं गेलं. नऊ महिन्यांत अडतीस हजार काचपट्ट्या. "माझ्या यंत्राला माझ्या आईचे डोळे आहेत," असं केतकी सगळ्यांना सांगायची.

पण नदीपलीकडच्या शाळांतून पेटी यायला दोन-दोन, तीन-तीन तास लागायचे. टॅबलेटवरच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. काचपट्टी तयार झाल्यापासून किती मिनिटांनी वाचली? पहिल्या आठवड्यात कुंदाताईंनी खरं ते लिहिलं. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. रकाना लाल व्हायचा आणि फॉर्म पुढे सरकायचा नाही. केतकीला विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ती तेव्हा दिवसाला चार तास झोपत होती, आवाज बसला होता, प्रकल्प बंद पडेल या धास्तीनं वाळून गेली होती. म्हणून एका दुपारी कुंदाताईंनी लिहिलं, पन्नास. फॉर्म पुढे गेला. दुसऱ्या दिवशीही पन्नास लिहिलं. पुढे तर बोट आपोआप तिकडे जाऊ लागलं.

म्हणजे फोटोत ताजी अंडी होती आणि कुंदाताईंचं उत्तर होतं, काही नाही. यंत्र हुशार होतं. त्यानं कुंदाताईंचं ऐकलं.

मैनी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. रक्त चढवलं होतं, गोळीही दिली होती, पण ताणलेलं हृदय ते वाढलेलं रक्त सोसू शकलं नाही. डॉक्टर कुळमेथे फोनवर एवढंच म्हणाले, "सहा महिने आधी कळलं असतं ना ताई, तर एका गोळीचं काम होतं."

त्या दुपारी कुंदाताईंनी नागपूरला फोन लावला.

"आई, पाच मिनिटांत मीटिंग आहे. तिकडून आफ्रिकेतले लोक येतायत पुढच्या महिन्यात, सात देश मशीन घेणार आहेत. नंतर करू?"

"नंतर नको. केतकी, तुझ्या यंत्राला अंकुशकृमी दिसत नाही."

केतकी हसली. "दिसत नाही असं नाही गं. उरलाच नाहीये. तीन राज्यांत त्याचं प्रमाण पाऊण टक्क्यावर आलंय, जुन्या गोळ्यांनी केलेलं काम आहे ते. माणसांनी केलेल्या फेरतपासणीतही अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं."

"फेरतपासणीला काचपट्टी किती दिवसांनी पोचते?"

"दोन-तीन... आई, काय झालंय?"

कुंदाताईंनी सांगितलं. आधी मैनीचं, मग काचपट्टीचं, मग शेवटी पन्नास मिनिटांचं. सांगताना त्या एकदाही थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर पुढचं सांगता आलं नसतं.

"सगळ्या?" केतकीनं विचारलं.

"नदीपलीकडच्या सगळ्या. अर्ध्याहून जास्त."

"मला एका शब्दानं का नाही सांगितलंस?"

"तो फॉर्म घेतच नव्हता बाळा, साठच्या वर."

"फॉर्म मी लिहिला होता," केतकी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मी लिहिला होता. चुकीचा डेटा येऊ नये म्हणून."

मग ती पुन्हा प्रकल्पप्रमुख झाली. म्हणाली, पंधरा दिवस दे, मी शांतपणे तपासते. आत्ता हे बाहेर पडलं तर लोक यंत्रच फेकून देतील. गोलकृमीची लाखो मुलं त्यानं शोधलीत, ती खरी आहेत. त्यांचं काय? कुंदाताईंना यातलं काहीच खोटं वाटलं नाही. पण त्या म्हणाल्या, "तू तुझे पंधरा दिवस घे. मी उद्यापासून शाळेत बसते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मायक्रोस्कोप आश्रमशाळेच्या व्हरांड्यात टेबलावर मांडला. सोनटक्के बाई मुलांना दहा-दहाच्या तुकडीनं आणायच्या, नर्स काचपट्ट्या करायची, कुंदाताई प्रत्येकीवर वेळ लिहायच्या आणि अर्ध्या तासाच्या आत वाचायच्या. पहिल्या दिवशी सत्तर मुलं झाली. त्यांतल्या बत्तीस जणांच्या पोटात अंकुशकृमी होता. यंत्रानं त्या बत्तीसपैकी एकतीस जणांना शून्य दिलं. गोळ्या यंत्राच्या कप्प्यात होत्या आणि कप्पा उघडेना. डॉक्टर कुळमेथे यांनी शाळेच्या शिपायाकडून स्क्रू ड्रायव्हर मागवला, कप्पा उचकटला आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या सहीनं तसं लिहून ठेवलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी आली. रात्रभर प्रवास करून आली असावी. डोळे सुजले होते. आल्या आल्या तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"हा बुडबुडा आहे," ती म्हणाली.

"आत बघ. फिरवू नको, नुसतं बघ. चार पेशी दिसतात?"

केतकी बघत राहिली. मग बाजूला होऊन तिनं लॅपटॉप उघडला. "यंत्र जे अंडं नाही असं ठरवतं, त्याचीही नोंद ठेवतं. आम्ही त्यांना नावं दिलीयत. धाग्याचे तुकडे, परागकण, हवेचे बुडबुडे. हे..." तिनं पडद्यावरचा फोटो आणि भिंगाखालचं अंडं आळीपाळीनं पाहिलं. "हा हवेचा बुडबुडा, प्रकार सात."

"म्हणजे त्यानं पाहिलीत."

"सगळी पाहिलीत. मोजलीत पण."

कुंदाताईंनी मैनीचं नाव सांगितलं. केतकीनं ते टाकलं. चार तपासण्या, चार शून्यं, आणि त्यांच्या खाली, कुणी कधी न उघडलेल्या रकान्यात, प्रकार सातचे बुडबुडे. एकोणीस. चौसष्ट. एकशे तीस. दोनशे एकाहत्तर. मुलगी कशी कशी संपत गेली याचा हिशेब यंत्रानं दर सहा महिन्यांनी नीट लिहून ठेवला होता.

केतकी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. कुंदाताईंना वाटलं, जवळ जावं. पण समोर ओल्या काचपट्ट्या होत्या आणि त्यांची वेळ चालली होती. त्या पुढची काचपट्टी भिंगाखाली घेऊन बसल्या.

संध्याकाळी केतकीनं पंधरा दिवसांचं नाव काढलं नाही. तिनं गच्चीवर जाऊन स्वतःच नऊ हजार यंत्रांना थांबण्याचा आदेश पाठवला. खाली आल्यावर म्हणाली, "चौकशी होईल. फॉर्मची चूक माझी आहे, तेवढं मी सांगेन. तुझं नाव नको येऊ देऊस, आई. सात महिने राहिलेत तुझे."

"माझं नाव मी लिहून दिलंय, डॉक्टरांकडे. काल."

"कशाला? त्यानं कोण परत येणार आहे?"

"कोणी नाही," कुंदाताई म्हणाल्या.

चौकशी झाली. प्रकार सातचे बुडबुडे असलेल्या मुलांची यादी निघाली. ती दोन लाखांच्या वर होती. त्या उन्हाळ्यात तीन राज्यांतल्या शाळांतून गोळ्या वाटल्या गेल्या आणि बहुतेक मुलं सुधारली. केतकीच्या गटानं यंत्राला ताज्या काचपट्ट्यांवर पुन्हा शिकवायला घेतलं. ते वर्षभरात बरोबर शिकेल असा अंदाज होता. पण यादीतली किती मुलं रक्ताच्या कमतरतेनं आधीच गेली होती, त्याचा आकडा अहवालात नव्हता. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर कुपोषण, ताप, हृदयविकार असं काय काय लिहिलेलं होतं. अहवालात कुंदाताईंचं नाव आलं नाही, केतकीचंही आलं नाही. तिथे लिहिलं होतं, 'नमुना व प्रतिमा यांतील कालविसंगतीमुळे उद्भवलेला दोष'. कुंदाताईंनी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि कागद मिटून ठेवला.

केतकी दर रविवारी फोन करायची. जेवलीस का, ऊन फार आहे का, गुडघा कसा आहे. मग बोलणं संपायचं आणि दोघी फोन कानाला धरून बसायच्या. त्यांनी एकमेकींना दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित काही बोलणं तरी झालं असतं.

एप्रिलमध्ये कुंदाताई मैनीच्या गावी गेल्या. मैनी गेल्यावर जुरीनं धाकट्या मुलीला, पहिलीतल्या सोमीला, शाळेतून घरी नेलं होतं आणि परत पाठवलं नव्हतं. त्यामुळे व्हरांड्यातल्या तपासणीत ती नव्हती, आणि प्रकार सातच्या यादीत तिचं नाव होतं. नर्स दोनदा येऊन गेली होती. जुरीनं तिला अंगणात येऊ दिलं नव्हतं.

अंगणभर मोहफुलं वाळत पडली होती. जुरी ती हातानं पसरत होती. तिचा नवरा कोमटी बाजेवर बसला होता. कुंदाताई जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र कसं शिकतं हे माडियात सांगणं अवघड होतं, पण आपण काय केलं ते सांगणं सोपं होतं. मी उशिरा पाहिलं. लवकर पाहिलं असं लिहिलं. ते यंत्रानं खरं मानलं. तुझ्या पोरीच्या पोटात जंत होते, चारही वेळा होते.

कोमटी उठला आणि जंगलाच्या दिशेनं निघून गेला. जुरी फुलं पसरत राहिली.

"हिवाळ्यात मी तिला घेऊन आले होते," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तेव्हा तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं असतंस तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं."

"मग का नाही पाहिलंस?"

"यंत्रावर माझा भरवसा होता. ते माझ्याकडूनच शिकलं होतं."

जुरीनं मान वर केली. "म्हणजे तुझा तुझ्यावरच भरवसा होता."

ऊन अंगणात पुढे सरकत आलं. घराच्या दारातून सोमी डोकावत होती. तिचे ओठ फिकट होते आणि बोटाला ओली माती लागली होती. कुंदाताईंनी ते पाहिलं. आपलं तिकडे लक्ष गेलेलं जुरीनंही पाहिलं, हे त्यांना कळलं.

"सोमवारी शाळेत पुन्हा तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "हिला आण, जुरी. माझ्यावर राग धर, जन्मभर धर. पण हिला आण."

जुरीनं ओंजळभर फुलं उन्हात पुन्हा पसरली. मग म्हणाली, "आणीन. पण तू पाहायचं नाही. दुसऱ्या कोणाला पाहू दे."

"मी नाही पाहणार," कुंदाताई म्हणाल्या.

सोमवारी व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. कुंदाताईंच्या हाताखाली शिकायला एक नवी टेक्निशियन आली होती, प्राजक्ता मेश्राम नावाची, बावीस वर्षांची. दोन महिन्यांत कुंदाताईंनी तिला जेवढं येत होतं तेवढं शिकवलं होतं. वेळ आधी लिही. मग बघ. उशीर झाला असेल तर उशीर झाला असं लिही आणि काचपट्टी फेकून दुसरी कर.

अकराच्या सुमाराला जुरी आली. सोमीला कडेवर घेऊन ती फाटकाशी थांबली आणि टेबलाकडे पाहत राहिली. कुंदाताई स्टुलावरून उठल्या. त्यांनी प्राजक्ताला तिथे बसायला सांगितलं, पायऱ्या उतरल्या आणि पाण्याच्या टाकीपलीकडे, जिथून टेबलावरचं काही दिसत नव्हतं, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मगच जुरी आत आली.

प्राजक्ता नवी होती, मनात मोजायची तिला सवय नव्हती. ती मोठ्यानं मोजत होती आणि तिचा आवाज टाकीपर्यंत येत होता. दहाच्या पुढे गेली, चाळीसच्या पुढे गेली. कुंदाताई डोळे मिटून ऐकत होत्या. शंभराच्या जरा पुढे जाऊन आवाज थांबला.

मग गोळीची पट्टी फाडल्याचा आवाज आला, आणि प्राजक्ता म्हणाली, "चावून खा हं. गोड आहे."

कुंदाताई तिथेच उभ्या राहिल्या. जुरी पोरीला घेऊन फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली आणि झाडांआड दिसेनाशी झाली. त्यानंतरच त्या पायऱ्या चढून वर गेल्या.